गाठ उतरत होती, आकडे चढत होते: ग्रॅन्युलोमॅटस मास्टायटिसचे एक प्रकरण

वय 31. दोन मुले, धाकटे तीन वर्षांचे, दुसऱ्या बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली. राहणे सोलापूरच्या पूर्व भागात, काम घरी विड्या वळण्याचे. डाव्या स्तनात चार महिन्यांपासून गाठ, आणि दोन ठिकाणांहून पू. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहिण्याला तिची संमती आहे.)

ओपीडीत आली तेव्हा डावा हात अंगापासून जरा लांब धरून चालत होती. विडी वळताना सूप मांडीवर असते आणि दोन्ही कोपर अंगालगत राहतात. तिला तसे बसणेच जमत नव्हते, त्यामुळे दोन महिन्यांपासून मजुरी अर्ध्यावर आली होती. पदराच्या आत घडी करून ठेवलेला कापूस पुवाने भिजलेला. सोबत सासूबाई, आणि कॅरीबॅग भरून रिपोर्ट. आधी एका खासगी दवाखान्यात दोनदा चीर देऊन पू काढला होता आणि अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले होते. दर वेळी जखम भरत आली की शेजारी नवे तोंड फुटायचे. शेवटी तिथे सांगण्यात आले, "टीबीच असणार, एकेटी सुरू करू." एकेटी म्हणजे टीबीवरचा औषधोपचार. तिचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, परत चीर देणार काय ओ?"

तपासणीत काय दिसले

डाव्या स्तनाच्या वरच्या बाहेरच्या भागात साधारण सहा सेंटिमीटरची कडक, ओबडधोबड गाठ. वरची कातडी लालसर जांभळी, त्यात दोन तोंडे. बोंड किंचित आत ओढलेले. काखेत दीड सेंटिमीटरची एक हलती गाठ. ताप नाही. इतके पाहून कोणाच्याही मनात आधी कॅन्सर येतो आणि तो यायलाच हवा.

मग तिने साडी घोट्यावर घेऊन पाय दाखवले. दोन्ही नडग्यांवर लाल, दाबले की दुखणाऱ्या गाठी होत्या आणि उजवा घोटा सुजलेला होता. चिकुनगुनिया समजून तिने त्यावर वेगळे औषध घेतले होते. नडगीवरच्या अशा गाठींना एरिथेमा नोडोसम म्हणतात. स्तनाचा जुनाट दाह, नडगीवरच्या गाठी आणि घोट्याची सूज हे त्रिकूट एकत्र दिसले की ग्रॅन्युलोमॅटस मास्टायटिसचा विचार पुढे सरकतो. टीबीतही असे पाय दिसू शकतात, त्यामुळे पायांनी दिशा दिली, निदान दिले नाही.

हा आजार 1972 साली केसलर आणि वोलॉक यांनी पहिल्यांदा वेगळा मांडला. बहुतेक रुग्ण मूल झालेल्या, तिशीच्या आसपासच्या स्त्रिया असतात आणि शेवटच्या बाळंतपणाला बहुधा पाच वर्षे उलटलेली नसतात. दुधाच्या नळ्यांतला स्राव भोवतालच्या ऊतीत झिरपतो, रोगप्रतिकार यंत्रणा त्यावर तुटून पडते आणि दूध बनवणाऱ्या छोट्या खंडिकांभोवती ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहाच्या पेशींचे घट्ट पुंजके, तयार होतात, अशी त्याची प्रचलित समजूत आहे. काही रुग्णांत कोरिनेबॅक्टेरियम क्रोपेनस्टेटी हा चरबीत वाढणारा जंतू सापडतो. 2002 साली न्यूझीलंडमधून हा संबंध पुढे आला.

पहिल्या दिवसाचे रक्त

हिमोग्लोबिन 8.6 ग्रॅम, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) 68. पांढऱ्या पेशी 12,400, त्यात न्यूट्रोफिल 76 टक्के आणि लिम्फोसाइट 17 टक्के. प्लेटलेट 5 लाख 10 हजार. ईएसआर 78. सीआरपी, म्हणजे दाहात यकृत बनवते ते प्रथिन, 46 मिलिग्रॅम प्रति लिटर. प्रोलॅक्टिन (दूध आणणारे संप्रेरक) 68, म्हणजे नेहमीच्या मर्यादेच्या अडीचपट. उपाशीपोटी साखर, थायरॉइड, एचआयव्ही, आणि संधिवातासारख्या आजारांसाठीचे आरए फॅक्टर व एएनए ठीक. एचबीए1सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) मुद्दाम मागवले नाही, कारण लोहाच्या कमतरतेत ते खोटे वाढलेले दिसू शकते. मांटू (टीबीची त्वचेवरची चाचणी) 14 मिलिमीटर, छातीचा एक्स-रे स्वच्छ.

हल्ली या आजारावरच्या लेखांत काही गुणोत्तरे सतत भेटतात. न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट म्हणजे एनएलआर, प्लेटलेट भागिले लिम्फोसाइट म्हणजे पीएलआर, आणि प्लेटलेटला एनएलआरने गुणले की एसआयआय. तिचे एनएलआर 4.5, पीएलआर 242 आणि एसआयआय 2,280 च्या आसपास आले, सगळेच चढे. साध्या सीबीसीतून, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतून, फुकट निघणारे हे आकडे आहेत, म्हणून सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांचे आकर्षण मोठे आहे आणि ते मला पटतेही. पण आकडा फुकट मिळाला म्हणून त्याचा अर्थही आयता मिळत नाही. या रुग्णाच्या बाबतीत जवळजवळ प्रत्येक आकड्याला चढण्याचे दुसरे कारण हजर होते.

ईएसआरपासून बघू. नळीत लाल पेशी किती वेगाने खाली बसतात एवढेच तो मोजतो. फायब्रिनोजेन आणि इम्युनोग्लोब्युलिन ही रक्तातली प्रथिने वाढली की पेशी एकमेकींना चिकटून लवकर बसतात. रक्त कमी असले तरी त्या लवकर बसतात. 8.6 हिमोग्लोबिनच्या बाईत ईएसआर 78 येतो तेव्हा त्यातला दाह किती आणि पंडुरोग किती, हे नळी सांगत नाही.

प्लेटलेटचे तेच. दाहात इंटरल्यूकिन-6 हे पेशींमधले निरोप्या रसायन यकृताला थ्रोम्बोपोएटिन (प्लेटलेट वाढवणारे संप्रेरक) जास्त बनवायला लावते, म्हणून प्लेटलेट वाढतात. लोह कमी असले तरीही त्या वाढतात. पीएलआर आणि एसआयआय दोन्हींत प्लेटलेट वरच्या बाजूला आहेत, म्हणजे लोहाची कमतरता सरळ त्या गुणोत्तरांत शिरते. आपल्याकडच्या बायकांत ही कमतरता किती पसरलेली आहे ते ओपीडीत बसणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. दुसऱ्या देशातल्या अभ्यासातली मर्यादारेषा उचलून विडी कामगार बाईच्या रिपोर्टवर ठेवायला माझा विरोध आहे तो यामुळे.

लोहाची तपासणीही सरळ नव्हती. लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन 38 आले, कागदावर नॉर्मल. पण फेरिटिन दाहात स्वतःच वाढते. ट्रान्स्फेरिन सॅच्युरेशन (रक्तातल्या लोहवाहक प्रथिनावर किती लोह आहे ते) 9 टक्के निघाले, तेव्हा लोह खरोखर कमी असल्याचे स्पष्ट झाले. त्यातही इंटरल्यूकिन-6 चा हात असतो. ते यकृताकडून हेप्सिडिन बनवून घेते आणि हेप्सिडिन आतड्यातून लोह शोषू देत नाही, साठ्यातूनही सुटू देत नाही. सीआरपी तयार करण्याचा हुकूमही यकृताला मुख्यतः इंटरल्यूकिन-6 चाच असतो. चढे सीआरपी, चढे प्लेटलेट, चढे फायब्रिनोजेन आणि उतरलेले हिमोग्लोबिन यांच्यामागे बऱ्याच अंशी एकच दूत आहे. मग इंटरल्यूकिन-6 च थेट का मोजू नये, असे एका विद्यार्थिनीने विचारले. संशोधनात मोजतात, तुर्कस्तान आणि चीनमधून असे बरेच काम आले आहे. पण त्या आकड्याने या बाईच्या उपचारात एकही निर्णय बदलला नसता, आणि खर्च तिच्या मजुरीतून गेला असता. आम्ही ती तपासणी केली नाही.

प्रोलॅक्टिनचे मूळ कॅरीबॅगेत

प्रोलॅक्टिन 68 पाहून, पिट्युटरी ग्रंथीत गाठ आहे का ते बघायला, एमआरआयचा विचार निघाला. त्याआधी तिची कॅरीबॅग टेबलावर उलटी केली. रिपोर्टच्या खाली पित्ताच्या कॅप्सूलच्या चार रिकाम्या पट्ट्या होत्या, रॅबेप्राझोल आणि डॉम्पेरिडोन एकत्र असलेल्या. सकाळी उपाशीपोटी एक, गेले आठ-नऊ महिने. मेडिकलमधून थेट आणलेली, चिठ्ठी नाही. "पित्ताची गोळी हाय ती, औषध नाही," असे सासूबाईंचे म्हणणे.

डॉम्पेरिडोन मेंदूत फारसे शिरत नाही, पण पिट्युटरी ग्रंथी त्या कुंपणाच्या बाहेर आहे. तिथे डोपामिनचा लगाम सुटला की प्रोलॅक्टिन वाढते. लेव्होसल्पिराइड घातलेल्या कॅप्सूलही हेच करतात आणि त्याही तितक्याच सर्रास विकल्या जातात. प्रोलॅक्टिनने स्तनातला स्राव वाढतो. शिवाय लिम्फोसाइटवर प्रोलॅक्टिनचे रिसेप्टर असतात, म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणेलाही ते चेतवते. या एका कॅप्सूलने तिला आजार झाला असे मी लिहिणार नाही. पण आजार चालू असताना रोज सकाळी ती पोटात जात होती आणि ती थांबवणे हा सगळ्यात स्वस्त उपचार होता. थांबवल्यावर दोन आठवड्यांनी प्रोलॅक्टिन 14 आले. एमआरआय वाचला.

स्तनाच्या जुन्या दाहाच्या प्रत्येक रुग्णाला "अजून काय काय घेता?" एवढे विचारून थांबू नये. पट्ट्या आणायला सांगाव्यात. ज्याला आपले लोक औषध मानतच नाहीत, ते तोंडी माहितीत येत नाही.

टीबी की नाही

सोनोग्राफीत कातडीपर्यंत नळ्यांसारखे पसरलेले काळसर पट्टे आणि मध्ये पुवाचा कप्पा दिसला. आम्ही सुईने पू ओढला आणि त्याच वेळी 14 गेजच्या जाड सुईने कोअर बायोप्सी (ऊतीचा छोटा तुकडा) घेतली. नुसत्या एफएनएसीवर (बारीक सुईने ओढलेल्या सुट्या पेशींवर) भागवले नाही, कारण तिच्यात ग्रॅन्युलोमा दिसले तरी ते खंडिकेभोवती आहेत की नाहीत हे कळत नाही.

बायोप्सीत खंडिकाकेंद्री ग्रॅन्युलोमा, बहुकेंद्रकी पेशी आणि न्यूट्रोफिलचे छोटे पुंजके होते. टीबीत दिसते तसे केझिएशन (चीजसारखी मृत ऊती) नाही, कॅन्सर नाही. न्यूट्रोफिलने वेढलेल्या काही रिकाम्या पोकळ्या दिसल्या, त्यात ग्रॅम पॉझिटिव्ह जंतू शोधले, सापडले नाहीत. टीबीच्या जंतूसाठीचा झेडएन स्टेन निगेटिव्ह, त्याच्या जनुकांची सीबीनॅट तपासणीही निगेटिव्ह. टीबीचे लिक्विड कल्चर लावले, त्याला 42 दिवस.

स्तनाचा टीबी 1829 साली अ‍ॅस्टली कूपर यांनी नोंदवला. पाश्चात्त्य देशांत तो दुर्मीळ, पण भारतात स्तनाच्या आजारांत त्याचा वाटा 3 ते 4 टक्क्यांपर्यंत सांगितला जातो. म्हणून आधीच्या डॉक्टरांची शंका अनाठायी नव्हती. अडचण अशी की स्टिरॉइड दिले आणि आजार टीबी निघाला तर तो पसरेल. एकेटी दिली आणि टीबी नसला, तर सहा महिने यकृतावर ताण देऊनही गाठ आपल्या गतीने वरखाली होत राहील आणि खाली गेली की श्रेय एकेटीला मिळेल. आपल्याकडे मांटू 14 येणे म्हणजे जंतूशी कधीतरी गाठ पडली एवढेच. सीआरपी, ईएसआर किंवा एनएलआर यांपैकी एकही आकडा टीबी आणि ग्रॅन्युलोमॅटस मास्टायटिस यांत निवाडा करू शकत नाही. दोन्हींत ते चढतात, कॅन्सरमध्येही चढू शकतात.

त्यामुळे कल्चरची वाट पाहायचे ठरले. पण हातावर हात ठेवून बसलो नाही. पू सुईने ओढत राहिलो, डॉम्पेरिडोन बंद, डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा (चरबीत शिरते आणि ती दूध पाजत नव्हती), आणि लोह. लोह डॉक्सिसायक्लिनसोबत घेतले तर दोन्ही वाया जातात, म्हणून वेळा वेगळ्या करून दिल्या. चहाबरोबर लोहाची गोळी घ्यायची तिची सवय होती, ती लिंबूपाण्यावर आणली.

दोन आठवड्यांत सीआरपी 46 वरून 19 वर आले. गाठ मात्र पाच-साडेपाच सेंटिमीटर, म्हणजे जवळपास तेवढीच. पहिल्या 46 मधला मोठा हिस्सा कोंडलेल्या पुवाचा होता, पू निघाला तसा तो गेला. सीआरपीचे रक्तातले अर्धायुष्य साधारण 19 तासांचे असते. कारण हटले की ते लगेच उतरते, म्हणून मला ते या आजारात सगळ्यांत कामाचे वाटते. सहाव्या आठवड्याला सीआरपी 14, हिमोग्लोबिन 10.1, ईएसआर 58. कल्चर निगेटिव्ह.

स्टिरॉइडनंतरचा गोंधळ

वजन 52 किलो. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड 30 मिलिग्रॅम सुरू केले. मांटू आणि पुढची औषधे लक्षात घेऊन, सक्रिय टीबी नसल्याची खात्री झाल्यावर टीबी उसळू नये म्हणून आयसोनियाझिड बी6 सोबत दिले आणि यकृताच्या तपासण्या बांधून घेतल्या.

दोन आठवड्यांनी गाठ साडेतीन सेंटिमीटरवर आली. एक तोंड बुजले. पायांवरच्या गाठी गेल्या, घोटा उतरला. त्या दिवशीचे रक्त असे होते: पांढऱ्या पेशी 14,200, न्यूट्रोफिल 84 टक्के, लिम्फोसाइट 10 टक्के, प्लेटलेट 4 लाख 30 हजार. एनएलआर 8.4. एसआयआय 3,600 च्या वर. सीआरपी 5.

तिचा भाचा फार्मसीला आहे. त्याने मोबाइलवर हिशेब केला, लेखांतल्या मर्यादा पाहिल्या आणि घरात घबराट झाली. ती स्वतः मात्र शांतपणे विचारत होती, "गाठ तर कमी झालीय की ओ मॅडम, मग रक्तात का वाढलंय?" तिने नेमके जिथे बोट ठेवायचे तिथेच ठेवले होते.

स्टिरॉइड घेतले की रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून असलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात आणि अस्थिमज्जेतूनही जास्त बाहेर पडतात. लिम्फोसाइट उलट रक्तातून निघून इतर ऊतींत जातात. वरचा आकडा वाढतो, खालचा घटतो, आणि गुणोत्तर दुप्पट होते. दाह वाढला म्हणून नव्हे, गोळी पोटात गेली म्हणून. एनएलआर आणि एसआयआयवरचे बहुतेक अभ्यास निदानाच्या वेळचे, उपचाराआधीचे रक्त घेतात. काही अभ्यासांत तेव्हाचा चढा एनएलआर आणि पुढे आजार उलटणे यांचा संबंध दिसला आहे. तो आकडा स्टिरॉइडच्या दुसऱ्या आठवड्यात काढला तर त्या अभ्यासांशी त्याचे काही नाते उरत नाही. आमच्या युनिटमध्ये एकाने डोस 40 करावा का असे विचारले होते. गाठ उतरतेय, सीआरपी उतरलेय, मग डोस वाढवण्याचे कारण फक्त ते गुणोत्तर उरत होते. डोस 30 वरच ठेवला.

भाच्याला हे कागदावर काढून दाखवले. त्याने आधीचे सगळे सीबीसी तारखेप्रमाणे लावले आणि प्रत्येकासमोर त्या दिवशीचा स्टिरॉइडचा डोस लिहिला. तोच कागद पुढे फाइलच्या पहिल्या पानावर राहिला आणि खरे सांगायचे तर आमच्या केसपेपरपेक्षा तो जास्त उपयोगी पडला.

डोस हळूहळू उतरवताना 10 मिलिग्रॅमवर आजार उलटला. जुन्या जागेपासून दोन बोटांवर नवा लालसर ठणका, नडगीवर पुन्हा एक गाठ. सीआरपी 21. एनएलआर मात्र 8.4 वरून 3.7 वर आलेला. स्टिरॉइड कमी झाले म्हणून गुणोत्तर उतरले आणि स्टिरॉइड कमी झाले म्हणूनच आजार वर आला. जो कोणी फक्त एनएलआरची ओळ वाचेल तो पहिल्या वेळी डोस वाढवेल आणि या वेळी रुग्णाला "छान चाललंय" म्हणून घरी पाठवेल. दोन्ही वेळा चूक.

आता रोगप्रतिकार यंत्रणेला आवरणारे मेथोट्रेक्सेट आणले, आठवड्यातून एकदा 10 मिलिग्रॅम, सोबत वेगळ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड. गर्भारपणात हे औषध चालत नाही, पण तिची शस्त्रक्रिया आधीच झाल्याने ती काळजी नव्हती. हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह होते. आयसोनियाझिड आणि मेथोट्रेक्सेट दोन्ही यकृताला त्रास देऊ शकतात, म्हणून पहिले दोन महिने दर पंधरा दिवसांनी यकृताची एसजीपीटी तपासणी पाहिली. ती हद्दीत राहिली. मेथोट्रेक्सेट "रोज" घेतले जाण्याची भीती सगळ्यांत मोठी असते आणि ती चूक जिवावर बेतू शकते. पाकिटावर "सोमवार" लिहून दिले. सोमवार घरात पाळला जातोच, तो विसरला जाणार नव्हता.

पुढच्या तीन महिन्यांत स्टिरॉइड बंद झाले. पुन्हा चीर द्यावी लागली नाही.

आता

गाठीच्या जागी बोटाला लागेल असा जाडसर पट्टा आहे, दुखत नाही. दोन्ही तोंडे बुजली, तिथे खड्ड्यासारखे व्रण आहेत. बोंड अजून थोडे आत आहे, तसेच राहण्याची शक्यता तिला सांगितली आहे. सीआरपी 3, ईएसआर 24, हिमोग्लोबिन 11.8, प्लेटलेट 2 लाख 90 हजार, एनएलआर 1.9. स्टिरॉइड बंद असल्याने हा एनएलआर आता वाचण्यासारखा आहे. प्लेटलेट उतरण्यात दाह किती आणि लोह किती, हे मात्र या रिपोर्टमधूनही वेगळे काढता येत नाही, आणि उपचारासाठी तशी गरजही नाही.

विड्या वळणे पुन्हा सुरू झाले आहे, अजून पूर्वीइतके नाही. तपासण्यांचा खर्च कमी करा, हे तिने स्पष्ट मागितले आणि ते रास्त होते. ईएसआर यादीतून काढला. सीबीसी, एसजीपीटी आणि सीआरपी एवढेच ठेवले, दर सहा आठवड्यांनी. मेथोट्रेक्सेट 7.5 वर आणले आहे. पित्तासाठी डॉम्पेरिडोन नसलेली साधी गोळी लिहून दिली, नाव मोठ्या अक्षरात. नवा लालसरपणा किंवा नडगीवर गाठ दिसली तर तारखेची वाट न पाहता यायचे, आणि मेडिकलमधून स्वतःहून काही आणायचे नाही, हे सासूबाईंना भाच्याने तेलुगूत समजावून सांगितले.